मराठीचा तास : बोलणें आणि लिहिणें

मातृभाषा ही कोणास शिकवावी लागत नाहीं, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून फार दिवसांपासून रूढ आहे. मूल आईच्या मांडीवर भाषा शिकतें, मग शाळेनें त्यांत भर ती काय घालावयाची, असें पुष्कळांस वाटतें. गणिताला व इंग्रजीला शिकवणी लावण्यांत येते. मराठीला शिकवणी लावणारा बाप विरळा. परंतु हाच मुलगा सोळा-सतरा वर्षांचा झाला, आणि घरच्या एखाद्या समारंभांत त्याला चार शब्द बोलावयास उभें केलें, किंवा पासबुक हरवल्याबद्दल बँकेला अर्ज लिहावयास सांगितलें, म्हणजे हा समज किती अपुरा होता हें ध्यानांत येतें. बोलतांना तो दुसऱ्या वाक्यावर अडतो आणि लिहितांना पहिल्याच ओळीवर. परीक्षेंत मात्र त्याला मराठींत शंभरांपैकीं पंचाऐंशी गुण मिळालेले असतात. हे पंचाऐंशी गुण कशाचे, हा प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारावयाचा आहे. शाळेंत मराठी व संस्कृत शिकविण्यांत माझा जन्म गेला. पुढें जें सांगणार तें वर्गांत पाहिलेलें व करून पाहिलेलें आहे, एवढेंच त्याचें मोल.

भाषेचीं अंगें चार : ऐकणें, बोलणें, वाचणें व लिहिणें. ऐकण्यांत व वाचण्यांत आपण दुसऱ्याचें घेतों. बोलण्यांत व लिहिण्यांत आपलें दुसऱ्यास देतों. घेण्याची विद्या निराळी व देण्याची विद्या निराळी. ताटांत वाढलेलें रुचीनें जेवणाऱ्यास स्वयंपाक येतोच असें नाहीं. आपल्या शाळांतून मराठीचा बहुतेक सारा वेळ घेण्याच्या विद्येंत खर्च होतो. शिक्षक धडा समजावून देतात, मुलें ऐकतात. शिक्षक फळ्यावर उत्तरें लिहितात, मुलें उतरून घेतात. हें उतरून घेणें हातानें होतें म्हणून त्याला लेखन म्हणावयाचें, इतकेंच. त्यांत मुलाच्या मनांतला एकहि शब्द कागदावर आलेला नसतो.

जुन्यांची दृष्टि

आपल्या पूर्वजांनीं पाठांतरावर भर दिला व त्यामुळें स्वतंत्र बोलण्याची संवय मेली, असा आक्षेप वारंवार ऐकूं येतो. पाठांतर होतें हें खरें. परंतु मुखांतून शब्द कसा निघावा याविषयीं जितका बारीक विचार आपल्याकडे झाला, तितका फार थोड्या ठिकाणीं झाला असेल. पाणिनीय शिक्षा या लहानशा ग्रंथांत अधम वाचकाचे सहा प्रकार सांगितले आहेत : गाणें म्हटल्यासारखा हेल काढून वाचणारा, घाईनें वाचणारा, डोकें हलवीत वाचणारा, केवळ लिहिलेलें पाहून वाचणारा, अर्थ न कळतां वाचणारा आणि बारीक आवाजाचा. आजच्या कोणत्याहि वर्गांत जाऊन बसावें. सहाहि जण एकाच तासांत भेटतात. त्याच ग्रंथांत वर्णोच्चाराला वाघिणीची उपमा दिली आहे. वाघीण आपलीं पिलें दांतांत धरून नेते. पिलूं खालीं पडूं नये आणि त्याला दांतहि लागूं नये अशी तिची धरण्याची रीत असते. तसा शब्द तोंडांत धरावा. अक्षर गळूं नये आणि चिरडूंहि नये, हें सांगावयास याहून चांगली उपमा मला तरी ठाऊक नाहीं.

लिहिण्याविषयीं म्हणाल, तर समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षराचें वळण, ओळींतील अंतर, शाई, कागद व लेखणी, येथपर्यंत त्यांनीं बारकाईनें सांगितलें आहे. ज्या पुरुषानें परमार्थावर शेंकडों ओव्या लिहिल्या, त्याला कागदाच्या समासाविषयीं लिहिणें कमीपणाचें वाटलें नाहीं.

आणि बोलणें व लिहिणें यांचा संबंध पाहावयाचा असेल, तर तेराव्या शतकांतील लीळाचरित्राकडे पाहावें. मराठींतील हा आद्य गद्यग्रंथ. म्हाइंभटांनीं चक्रधरांच्या आठवणी ज्यांनीं ज्यांनीं पाहिल्या-ऐकिल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या व लिहून काढिल्या. लोकांनीं तोंडानें सांगितलें तें म्हाइंभटांनीं कागदावर आणिलें. म्हणूनच त्या लिखाणांतील माणसें आजहि बोलतांना ऐकूं येतात. मराठी गद्य हें अशा प्रकारें बोलण्याच्या पोटीं जन्माला आलें आहे. पुढें १८३६ सालीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण प्रसिद्ध झालें, १८७४ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं निबंधमाला सुरू केली, आणि १८७५ सालीं न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें पुण्यांत वसंत व्याख्यानमालेला आरंभ झाला. व्याकरण, निबंध व व्याख्यान या तीन गोष्टी चाळीस वर्षांच्या आंत महाराष्ट्रांत उभ्या राहिल्या. त्यांपैकीं व्याकरण आपण वर्गांत घेतलें, निबंध परीक्षेला दिला आणि व्याख्यान वर्गाबाहेर ठेवलें.

हल्लींची स्थिति

बोलण्याला शाळेंत मुळींच स्थान नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. कागदावर तें आहे. दहावीच्या भाषाविषयांत लेखी परीक्षेचे ८० व तोंडी कामाचे, म्हणजे शाळेनेंच द्यावयाचे, २० गुण असतात. २०१९ सालच्या परीक्षेपुरते हे २० गुण काढून टाकण्यांत आले होते. आदल्या वर्षीं, २०१८ सालीं, दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता; २०१९ सालीं तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षीं अभ्यासक्रमहि नवा होता, तेव्हां सारा दोष एका कारणावर टाकणें बरें नव्हे. पालकांनीं ओरड केली, आणि पुढील वर्षापासून ते गुण पुनः सुरू झाले. ते परत आले याचा मला आनंदच आहे. परंतु त्या सबंध वादांत गुण गेले म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटले. मुलांचें बोलणें गेलें म्हणून हळहळणारा एकहि भेटला नाहीं. याचें कारण उघड आहे. ज्या कामाचे हे गुण, तें काम पुष्कळ ठिकाणीं झालेलेंच नसतें. वर्षाच्या शेवटीं मुलांना रांगेनें उभें करावयाचें, एकेकाकडून पाठ केलेली कविता म्हणवून घ्यावयाची, आणि सतरा, अठरा, एकोणीस असे आंकडे भरावयाचे, ही तोंडी परीक्षा. जो मुलगा वर्षभर एक शब्द बोलला नाहीं त्याला सतरा, आणि जो वर्षभर बोलतच होता त्याला एकोणीस!

शिक्षकांवरहि सारें खापर फोडतां येत नाहीं. वर्गांत साठ मुलें, तास पस्तीस मिनिटांचा. प्रत्येकाला बोलावयास द्यावें म्हटलें तर वांट्यास एक मिनिटसुद्धां पुरतें येत नाहीं. वरून धडे संपविण्याची घाई, आणि शाळेबाहेरचीं सरकारी कामें निराळीं. या गणितांत मराठीचा शिक्षक काय करील? त्याला कांहीं करतां येतें, असें माझें अनुभवानें झालेलें मत आहे. तें पुढें सांगतों.

लेखनाची कथा याहून वेगळी नाहीं. निबंधाचे विषय ठरलेले : पावसाळ्यांतील एक दिवस, फाटक्या पुस्तकाचें मनोगत, मी मुख्यमंत्री झालों तर. बाजारांत त्यांची तयार उत्तरें मिळतात आणि मुलें तीं पाठ करतात. एका वर्षीं पावसाळ्यावरील साठ निबंध मीं तपासले, त्यांपैकीं बहुतेकांत मोर पिसारा फुलवून नाचत होता. आमच्या गांवांत मोर नव्हता. पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत पाणी येई, मुलांच्या वह्या भिजत, ओढ्याला पाणी आलें कीं पलीकडच्या वाडीचीं मुलें दोन-दोन दिवस शाळेंत येऊं शकत नसत. हें सारें त्यांच्या डोळ्यांसमोर होतें. परंतु तें निबंधांत लिहावयाचें असतें, असें त्यांना कोणी सांगितलें नव्हतें. निबंध म्हणजे आपल्याला न दिसलेलें लिहावयाचें, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

बोलणें कसें शिकवावें

पहिली गोष्ट ही कीं, साठ मुलांनीं शिक्षकाशीं बोलावें हा आग्रह सोडावा. त्यांनीं एकमेकांशीं बोलावें. बांकावर शेजारीं बसलेल्या दोघांपैकीं एकानें तीन मिनिटें सांगावें, दुसऱ्यानें ऐकावें. नंतर उलट करावें. सहा मिनिटांत साठहि मुलें बोलून होतात. गलका होतो, हें मान्य. परंतु शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही कल्पना भाषेच्या तासापुरती तरी बाजूस ठेवली पाहिजे. यानंतर ऐकणाऱ्या मुलांपैकीं चार-पांच जणांना उभें करून शेजाऱ्यानें काय सांगितलें तें वर्गाला सांगावयास लावावें. स्वतःविषयीं बोलतांना लाजणारें मूल दुसऱ्याविषयीं सहज बोलतें. शिवाय आपल्याला ऐकावयाचें आहे व पुढें सांगावयाचें आहे, हें माहीत असल्यामुळें तें नीट ऐकतें.

दुसरी गोष्ट विषयाची. देशभक्ति, वेळेचें महत्त्व, असले विषय पहिल्या दिवशीं देऊं नयेत. जें मुलाला येतें तें त्याला सांगूं द्यावें. आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता, वर्षभर तो मागच्या बांकावर मुकाट्यानें बसे. आम्हां शिक्षकांच्या खोलींत त्याचें नांव मठ्ठांच्या यादींत होतें. वडिलांचें सायकल-दुरुस्तीचें दुकान. एके दिवशीं ‘मला येणारें एक काम’ हा विषय दिला, तेव्हां तो उभा राहून पंक्चर कसें काढावें तें सांगूं लागला. चाक न काढतां टायरची एक बाजू मोकळी करून ट्यूब कशी बाहेर घ्यावी, हवा भरून ती घमेल्यांतल्या पाण्यांत फिरवितांना बुडबुडे कोठें येतात तें कसें पाहावें, ती जागा पुसून कोरडी करून कशी घासावी, सोल्यूशन लावल्यावर तें जरा वाळूं द्यावें, नाहींतर ठिगळ सुटतें. आणि शेवटीं टायरच्या आंतून बोट फिरवून कांटा अजून तेथेंच नाहीं ना हें पाहावें, नाहींतर दुसऱ्या दिवशीं गिऱ्हाईक पुनः दारांत येतें. वर्ग टक लावून ऐकत होता. कांटा आधीं कां पाहूं नये, असा प्रश्न एका मुलीनें विचारला, आणि त्यानें त्याचेंहि उत्तर दिलें.

आतां या बोलण्यांत भाषेचें शिक्षण किती झालें तें पाहा. आधीं, मग, तोंवर, नाहींतर, शेवटीं हे शब्द त्यानें जागच्या जागीं वापरले. कार्यकारणाचीं वाक्यें केलीं. ऐकणाऱ्याला काय ठाऊक नाहीं याचा अंदाज घेतला. व्याकरणांतील संकेतार्थ आम्ही ज्या धड्यानें शिकवितों, तो धडा त्याला कधीं कळला नव्हता. परंतु ‘नाहींतर’ या एका शब्दानें तें सारें काम त्यानें केलें. पुढें तो मोठा वक्ता झाला असें मी म्हणत नाहीं. त्या दिवसानंतर मठ्ठांच्या यादींतून त्याचें नांव गेलें, आणि तास चालूं असतांना न समजलेलें विचारण्यास तो हात वर करूं लागला, एवढें खरें. शाळेचें काम याहून निराळें असतें काय?

तिसरी गोष्ट उच्चाराची. आपली लिपि उच्चारानुसारी आहे असें आपण अभिमानानें सांगतों, तें बव्हंशीं खरेंहि आहे. परंतु च, ज, झ या अक्षरांपाशीं ती मुकी होते. ‘चार’ या संख्येंतील च तालव्य आणि गुरांच्या ‘चारा’ या शब्दांतील च दंततालव्य. ‘जरा’ म्हणजे म्हातारपण व ‘जरा’ म्हणजे थोडें. लिहावयाचे सारखे, म्हणावयाचे निराळे. हा भेद डोळ्यांनीं कळत नाहीं, कानांनींच कळतो. ज्या मुलांच्या कानांवर मराठी थोडी पडते, तीं अक्षरें बरोबर वाचतात व शब्द चुकीचा म्हणतात. इंग्रजी माध्यमाच्या शाळेंत जाणारीं आपलीं नातवंडें ‘चमचा’ कसा म्हणतात तें ऐकून पाहावें. यावर उपाय एकच : शिक्षकानें रोज पांच मिनिटें स्वतः मोठ्यानें वाचून दाखवावें. धड्यांतलेंच वाचावें असें नाहीं. चांगलें गद्य असलें म्हणजे झालें.

बोलीचा प्रश्न

येथें एका नाजूक गोष्टीविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. आपल्या घरांत जी मराठी बोलतात ती पुस्तकांतील मराठीला जवळची असते. त्यामुळें आपल्या मुलांना शाळेची भाषा परकी वाटत नाहीं. परंतु वर्गांत मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी बोलणारीं मुलें असतात. तीं पहिलें वाक्य बोलतात न बोलतात तोंच वर्ग हंसतो, आणि पुष्कळदां त्या हंसण्यांत शिक्षकहि सामील असतात. या एका हंसण्यानें जें तोंड मिटतें तें दहावीपर्यंत उघडत नाहीं.

बोली म्हणजे अशुद्ध मराठी, ही समजूत शास्त्राला धरून नाहीं. प्रत्येक बोलीला स्वतःचें व्याकरण असतें व ती बोलणारा तें कसोशीनें पाळतो. जळगांवजवळ असोद्याला १८८० सालीं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. शेतांत व जात्यावर काम करतां करतां त्यांनीं आपल्या बोलींत गाणीं रचलीं. १९५१ सालीं त्या वारल्या आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. आज तीं पाठ्यपुस्तकांतून शिकविलीं जातात. जी बोली धड्यांत आली म्हणजे आपण माना डोलवितों, तीच मागच्या बांकावरून आली म्हणजे आपण हंसतों, हें न्यायाचें नाहीं.

तर मग प्रमाणभाषा शिकवूं नये काय? अवश्य शिकवावी. अर्ज, अहवाल, शास्त्रीय लेख व दूरच्या वाचकासाठीं लिहावयाचें सारें त्या भाषेंत लिहावें लागतें, आणि ती न येणाऱ्या मुलाचेंच त्यांत नुकसान आहे. परंतु तिचा क्रम असा असावा : मुलानें प्रथम आपल्या बोलींत सांगावें, सांगून झाल्यावर, ‘हेंच आतां कलेक्टरसाहेबांना लिहावयाचें असेल तर कसें लिहाल?’ असें विचारावें. आईशीं बोलावयाची भाषा व कचेरींत लिहावयाची भाषा निराळी असते, हें मुलाला चटकन कळतें. एक भाषा काढून घेऊन दुसरी द्यावयाची नाहीं. एकीस दुसरीची जोड द्यावयाची, हें लक्षांत ठेविलें म्हणजे पुरे.

लिहिणें कसें शिकवावें

लेखनाचा पाया बोलण्यांत आहे, हें वर सांगितलेंच. म्हणून लेखनाच्या तासाला मुलांनीं आधीं शेजाऱ्याला तोंडानें सांगावें, मग लिहावें, आणि लिहिल्यावर तें त्यालाच मोठ्यानें वाचून दाखवावें. ऐकणाऱ्यानें फक्त दोन गोष्टी सांगावयाच्या : मला कोठें कळलें नाहीं, आणि मला आणखी काय ऐकावयाचें होतें. चुका काढावयाच्या नाहींत; तें काम शिक्षकाचें. वाचतां वाचतां लिहिणाऱ्याच्याच कानाला अर्धे दोष कळतात. जेथें त्याचा श्वास पुरत नाहीं तेथें वाक्य लांबलें आहे, आणि जेथें जीभ अडखळते तेथें बहुधा कर्ता व क्रियापद यांची ताटातूट झालेली असते.

एक उदाहरण देतों. सहलीहून आल्यावर मुलगा लिहितो, ‘आम्ही सिंहगडावर गेलों आणि किल्ला पाहिला आणि जेवलों आणि खूप मजा आली.’ यांत व्याकरणाची चूक नाहीं. तरी वाचणाऱ्याला कांहींच मिळत नाहीं. अशा वाक्याखालीं तांबडी रेघ ओढून कांहीं साधत नाहीं. त्याला विचारावें : आंत कोणत्या दरवाजानें शिरलांत? चढून गेल्यावर पहिल्यानें काय केलेंस? जेवावयास काय होतें? तो म्हणतो, पुणें दरवाजानें शिरलों; घसा कोरडा पडला होता; देवटाक्याचें पाणी गार होतें; पिठलें-भाकरी खाल्ली आणि वर मडक्यांतलें दही. हें ऐकून ‘आतां हेंच लिही’ एवढेंच म्हणावें. ‘खूप मजा आली’ हें वाक्य मग तो आपण होऊनच गाळतो, कारण त्याची गरज उरत नाहीं.

तपासण्याविषयींहि दोन शब्द. साठ वह्यांतील प्रत्येक चूक शिक्षकानें दाखवावी असें मानलें, तर तो दोन महिन्यांत आजारी पडेल. आणि मुलगा त्या तांबड्या शाईच्या पुरांत केवळ गुणांचा आंकडा शोधील. म्हणून पंधरवड्याला एकच दोष धरावा. एका पंधरवड्यांत शब्दाच्या शेवटचे ऱ्हस्व-दीर्घ, दुसऱ्यांत कर्ता-क्रियापदाचा मेळ, तिसऱ्यांत परिच्छेद, चौथ्यांत विरामचिन्हें. त्या पंधरवड्यांत तेवढाच दोष दाखवावा व तो मुलाकडूनच सुधारून घ्यावा. सुधारलेला मजकूर पुनः लिहून झाल्यावांचून गुण देऊं नयेत. वर्षाला निबंध थोडे होतील; परंतु प्रत्येक निबंध दोनदां लिहिला जाईल, आणि लेखन म्हणजे पुनर्लेखन ही गोष्ट मुलाच्या हाताला कळेल. शुद्धलेखन हें लेखनाचें वस्त्र आहे. तें स्वच्छ असावेंच. परंतु वस्त्राच्या काळजींत आंतल्या मुलाला उपाशी ठेवूं नये.

विषयांतहि नेहमींचें कांहीं असावें. शाळेला सुटी मागण्याचा अर्ज, नळाला पाणी येत नाहीं म्हणून नगरपालिकेस पत्र, आजारी आजीला पत्र, शाळेंत झालेल्या कार्यक्रमाचा दहा ओळींचा वृत्तांत, यंत्र कसें चालवावें याच्या सूचना. शक्य तेथें हीं पत्रें खरोखर पाठवावीं. पत्र खऱ्या पत्त्यावर जाणार असें कळलें कीं मुलें आपण होऊन विचारूं लागतात, ‘गुरुजी, हें असें लिहिलें तर त्यांना राग येईल का?’ वाचणाऱ्याचा विचार मनांत आला कीं लेखनकलेचा आरंभ झाला.

घराचें काम

शाळेंत मराठीचा तास दिवसाला एक. घरांत मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत तासच असतो. पूर्वीं एका पंगतीला दहा-बारा पानें असत, आणि आजोबांपासून शेंडेफळापर्यंत सर्वांचें बोलणें मुलाच्या कानीं पडे. जेथें एकत्र कुटुंब अजून टिकून आहे त्यांनीं हें आपलें भाग्य ओळखावें. परंतु एकत्र कुटुंबांत एक दोषहि असतो, तो दडवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. तेथें बोलणारे दोघे-तिघेच असतात व बाकीचे ऐकणारे. मोठीं माणसें बोलत असतां मध्यें बोलूं नये, हा नियम चांगला. परंतु मोठ्यांचें बोलणें कधीं संपतच नसेल, तर मुलानें बोलावें केव्हां? मुलींच्या बाबतींत हें अधिकच खरें आहे. मोठ्यानें बोलूं नये, उलट बोलूं नये, असें ऐकत वाढलेल्या मुली निबंधांत मुलांच्या पुढें जातात, आणि सभेंत उभ्या राहिल्या म्हणजे त्यांचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतहि पोंचत नाहीं. पुढें त्याच मुलींना कचेरींत, न्यायालयांत, रुग्णालयांत आपली बाजू मांडावयाची असते. त्या वेळीं घरांत शिकविलेलें गप्प बसणें त्यांच्या कामीं येत नाहीं.

यास्तव रोजच्या जेवणांत पांच मिनिटें मुलांची असावींत. आज काय पाहिलें तें एकानें सांगावें. तें संपेपर्यंत कोणीं वाक्य पुरें करून देऊं नये, चूक सुधारूं नये, व भ्रमणध्वनीकडे पाहूं नये. चूक असलीच तर उत्तर देतांना आपण तो शब्द बरोबर वापरावा; मुलें तें आपोआप उचलतात. आजोबांना बारीक अक्षर दिसत नसेल तर नातवानें त्यांना रोज वर्तमानपत्रांतील एक बातमी मोठ्यानें वाचून दाखवावी. त्यांत वाचन होतें, उच्चार होतो आणि सेवाहि होते. घरांत एक जाड वही ठेवावी. पाहुणे कोण आले, मुंजींत काय घडलें, आजीनें कोणती जुनी गोष्ट सांगितली, तें मुलांनीं पाळीपाळीनें चार ओळींत लिहावें. दहा वर्षांनीं ती वही घरांतील सर्वांत मोलाचा ग्रंथ ठरेल.

हल्लीं पत्राची जागा निरोपानें घेतली आहे, आणि मुलें मराठी निरोप इंग्रजी अक्षरांत लिहितात. त्यांच्यावर रागावून उपयोग नाहीं. त्यांच्या यंत्रावर देवनागरी कळफलक असतोच. तो वापरण्याची संवय लावावी, आणि मोठ्यांनीं स्वतः त्याच अक्षरांत उत्तर द्यावें. आत्याला वाढदिवसाचें चित्र पाठविण्याऐवजीं स्वतःचीं तीन वाक्यें पाठवावीं, एवढा नियम केला तरी पुष्कळ झालें.

इंग्रजीचें काय, असा प्रश्न येथें येईलच. इंग्रजी पाहिजे, आणि चांगली पाहिजे. परंतु सांगावयाची गोष्ट मनांत क्रमानें लावणें, ऐकणाऱ्याची अडचण ओळखणें, नेमका शब्द शोधणें व नको तो गाळणें, या गोष्टी एकदां एका भाषेंत साधल्या कीं दुसऱ्या भाषेंत त्या नव्यानें शिकाव्या लागत नाहींत. आणि त्या शिकावयास घरच्या भाषेइतकी सोयीची दुसरी भाषा नाहीं, कारण तेथें शब्दांसाठीं अडावें लागत नाहीं.

२०२० सालीं महाराष्ट्रानें सर्व माध्यमांच्या शाळांतून मराठी शिकविणें कायद्यानें सक्तीचें केलें. ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. परंतु कायदा वर्गांत तास ठेवूं शकतो, मुलाच्या तोंडांत शब्द ठेवूं शकत नाहीं. आणि भाषेचें अभिजातत्व ताम्रपटांवरून सिद्ध झालें तरी तिचें आयुष्य आजच्या मुलांच्या जिभेवर ठरतें.

शाळेच्या पालकसभेस आपण जातां, तेव्हां गुण किती पडले हें विचारतांच. यापुढें आणखी एक प्रश्न विचारावा : ‘या महिन्यांत माझें मूल वर्गासमोर किती वेळां बोललें, आणि त्यानें स्वतःच्या मनाचें असें काय लिहिलें?’ पहिल्या सभेंत शिक्षक गोंधळतील. दुसऱ्या सभेस कदाचित् वही काढून दाखवितील. दहा पालकांनीं हा प्रश्न लावून धरला, तर तोंडी परीक्षेचे ते २० गुण पुष्कळ शाळांतून खरे होतील.